माळावरच्या पिराचा पक्षकार

डबा घेऊन जयराज स्वतः आला, तेव्हाच लालासाहेबांनी ओळखलं की आज नुसता डबा आलेला नाही. एरवी त्याची बायको रेश्मा यायची. उंबऱ्यातच उभी राहून "मामंजी, भाजी गरम हाय तवर खावा" म्हणायची, चार शब्द बोलायची नि जायची. ते चार शब्द लालासाहेबांना दिवसभर पुरायचे.

जयराज म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ गेला, बायको गेली, मूल झालंच नाही. आपलं म्हणावं असं हे एकच घर उरलेलं, तेही बोळाच्या पलीकडं.

"तात्या, आज जरा बरी कापडं घाला," जयराज डबा ठेवत म्हणाला. "आनि ती पलटनीतली पदकं लावा."

"पदकं कशापायी?"

"कचेरीत वजन पडतंय."

"पत्र्याची हायत रं ती. वजन असतं तर भंगारवाल्यानं कवाच नेली असती."

जयराज हसला, मग खाली बघून म्हणाला, "वकिलानं सांगितलंय तेवढंच बोला. लय न्हाई. नाथांची समाधी हाय, पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराची पूजा हाय. बास. ह्यातलं खोटं काय हाय, सांगा बघू?"

लालासाहेबांनी डब्याचं झाकण उघडलं. वांग्याची भाजी होती. "खोटं एवढंच," ते म्हणाले, "की त्यो नाथ न्हाई."

"तात्या," जयराजचा आवाज खाली आला, "समदी भावकी येनार हाय तिथं. माझं तोंड तेवढं राखा."

ढवळवाडीच्या वरच्या अंगाला माळ आहे. कुसळं, चार बाभळी आणि मधोमध चुन्यानं रंगवलेला बुटका घुमट. तोच पीर. कोण होता, कुठून आला, कुणालाच ठाऊक नाही. पण वर्षाच्या उरसाला एक रीत होती. पिराला लागणारं गंध लालासाहेबांच्या, म्हणजे मान्यांच्या घरात उगाळायचं आणि ऊद मुलाण्यांच्या घरातून यायचा. गंधाशिवाय ऊद चढत नसे, उदाशिवाय गंध लागत नसे. एक घर अडलं की दुसरं उंबऱ्यात थांबायचं.

मान्यांच्या घरात गंध उगाळायचं काम बायकांचं. लालासाहेबांची लीलाबाई सहाणेवर खोड फिरवायला बसली की तिच्या तोंडून आपोआप ओवी यायची. सासूनं तिला दिलेली, सासूला तिच्या सासूनं.

*माळावरल्या पिराला, चांदन्याची गं चादर*
*गंध उगाळीते बाई, भिजला माझा पदर*

लीलाबाई गेली त्या वर्षी लालासाहेब स्वतः सहाणेपुढं बसले. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाप्याच्या हातचं गंध! तेव्हा दस्तगीर मुलाणी दारात येऊन म्हणाला होता, "हात कुनाचाबी असंना. घर तेच हाय न्हवं? उगाळ गड्या. ओवी येत नसंल तर शिट्टी वाजीव." दस्तगीर गावातला शेवटचा मुलाणी. सायकली नि मोटारसायकलींची पंक्चरं काढायचा आणि माळावरचा पीर राखायचा. लालासाहेब आणि तो एकाच बाकावर बसून एकाच इयत्तेत नापास झालेले.

यंदा उरसाच्या आधी पोरांनी घुमटावर भगवा लावला. पाटी ठोकली, "नाथांची समाधी". मोबाइलवर कुणीतरी कसलासा इतिहास पाठवला होता. दस्तगीर काढायला गेला नाही, नुसता "आसं का रं पोरांनो?" म्हणाला. त्या रात्री त्याच्या दुकानाची काच फुटली. मग गिऱ्हाईक यायचं थांबलं. सायकली पाच कोस ढकलत कवठे महांकाळला न्यायची माणसं, पण त्याच्याकडं नाही. शेवटी त्याचा पोरगा आला आणि बापाला सांगलीला घेऊन गेला. पोलिसांनी घुमटाला कुलूप घातलं. ताबा मान्यांच्या भावकीचा की दस्तगीरचा, ते ठरेपर्यंत कुणीच आत जायचं नाही. उरूस गेला. गंध उगाळलं नाही.

दस्तगीर गेल्यापासून लालासाहेबांना संध्याकाळ मोठी वाटू लागली होती. पारावर बसावं तर पोरं बोलणं बदलायची. घरात बसावं तर बोलायलाच कुणी नसायचं. रेडिओ लावून ठेवायचा, बातम्या ऐकायच्या नाहीत. घरात माणसाचा आवाज असावा एवढंच.

कवठे महांकाळला ते जयराजच्या जीपमधूनच गेले. पुढची जागा त्यांना दिली होती. मागं भावकीतली सातआठ जणं दाटीवाटीनं बसलेली. एकानं त्यांच्यासाठी वाटेत उसाचा रस आणला, दुसऱ्यानं गुडघ्यावर बसलेली धूळ झटकली. एवढी माणसं आपल्या भोवती कधी होती, हे लालासाहेबांना आठवेना. त्यांना ते आवडलं. आवडलं म्हणून वाईटही वाटलं.

कचेरीच्या व्हरांड्यात वकील चिंतामण भेटले. सांगलीचे, मऊ बोलणारे, पांढऱ्याशुभ्र शर्टाचे. "काका, काही घाबरायचं नाही. तुम्ही तिथं पूजा करता ना? मग तेच सांगायचं. त्या जागेचं नाव काय, एवढंच फक्त नीट सांगा."

"नावात काय एवढं?"

"सगळं नावातच आहे काका," वकील हसून म्हणाले.

आत तहसीलदारांच्या खुर्चीवर एक तरुण बाई होत्या. समोर फायलींचा ढीग, बाजूला अर्धा प्यालेला चहा. लालासाहेबांनी सवयीनं टाचा जुळवल्या. त्या म्हणाल्या, "बसा आजोबा. तुम्ही त्या जागेवर काय करता?"

"गंध उगाळतो, मॅडम. माझ्या घरचं गंध लागतंय."

"पिढ्यान्‌पिढ्या," चिंतामण म्हणाले.

"त्यांना बोलू द्या. नारळ फोडता?"

"फोडतो."

"नैवेद्य?"

"पुरनाचा." चिंतामणांनी मान डोलवली. मागं जयराजनं सोडलेला श्वास लालासाहेबांना ऐकू आला.

"आणि उरसाला काय असतं?"

"मलिदा असतो. चादर मुलान्याच्या घरनं येती. दस्तगीर फातिहा म्हनतो, तवर आमी हात जोडून हुबं ऱ्हातो. त्येचं झालं की मी नारळ फोडतो. आदी गंध, मग ऊद, मग त्येचं, मग आमचं."

चिंतामणांची मान थांबली. बाईंनी चष्मा काढला. "आजोबा, सरळ विचारते. तुम्ही त्या जागेला काय म्हणता?"

पंखा कुरकुरत होता. लालासाहेबांना वळून बघायचं नव्हतं, तरी पाठीवर सगळी भावकी जाणवत होती. थंडीत शेकोटीची ऊब जाणवते तशी. एक शब्द होता. तो टाकला की सगळे मिळून जीपमधून घरी जातील, कुणीतरी हसेल, कुणीतरी मागून खांद्यावर हात ठेवेल. उद्या रेश्मा उंबऱ्यात उभी राहून भाजी गरम आहे म्हणेल. पलटणीत एकाच छपराखाली समईही होती आणि नमाजाची चटईही. सगळे बूट बाहेर काढून आत जायचे आणि बूट अदलाबदल झाले म्हणूनच तेवढी भांडणं व्हायची. तिथं कुणी असला प्रश्न विचारला नव्हता. विचारला असता तर एवढ्या वयात उत्तराची सवय तरी असती.

"पीर हाय," ते म्हणाले. "मी जल्मायच्या आदीपासनं पीरच हाय. आईला मूल ऱ्हाईना. तिनं पिराला नवस केला, म्हनून माझं नाव लालासाहेब पडलं. नाथांची समाधी असती तर मी नवनाथ नसतो का झालो?"

कोपऱ्यातला शिपाई खुदकन हसला आणि लगेच खोकला. पाठीमागची ऊब विझली, हे लालासाहेबांना न बघता कळलं.

बाईंनी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं. "आजोबा, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? दस्तगीर मुलाणी काल इथं येऊन गेले. त्यांनी माघार घेतली. माझा त्या जागेवर हक्क नाही, मला वाद नको, म्हणाले."

लालासाहेबांना आधी वाटलं, दुसऱ्याच कुठल्या दस्तगीरविषयी बोलताहेत.

"त्यामुळं आता समोरच्या बाजूला कुणी नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "कुणीच उभं नसेल तर ताबा या मंडळींचा धरावा लागेल."

"मी हाय की."

"तुम्ही साक्षीदार आहात."

"मंजी?"

"साक्षीदारानं सांगायचं आणि घरी जायचं. पक्षकाराला दर तारखेला यावं लागतं. वकील नसेल तर स्वतःच बोलावं लागतं. कधी संपेल सांगता येत नाही."

लालासाहेब पदकांशी चाळा करत उभे राहिले. साक्षीदार होऊन घरी जायचं, हेच तर ठरवून ते आले होते. खरं सांगायचं आणि मोकळं व्हायचं. पुढचं दस्तगीर बघेल, असं कुठंतरी मनात होतं. दस्तगीर बघणार नव्हता.

"मग मला पक्षकार लिवा," ते म्हणाले.

चिंतामण अर्धे उठले. "मॅडम, हे हिंदू आहेत. यांचा पिराच्या बाजूशी काय संबंध? हे कायद्यात कसं बसतं?"

"हिंदू माणसानं पिराला जाऊ नये असं कलम असेल तर दाखवा," बाई म्हणाल्या. "मी वाचून बघेन." आणि कारकुनाकडं वळल्या, "घ्या नाव."

बाहेर जीप चालूच ठेवलेली होती. माणसं आधीच बसली होती. जयराज मात्र खाली उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते.

"काय केलंसा तात्या?"

"इचारलं, सांगितलं."

"एक शबुद. एक शबुद गिळला असता तर घसा फाटला असता का? आनि वर पक्षकार? माझ्याच इरोधात?"

"तुझ्या इरोधात न्हाई रं."

"मग कुनाच्या?"

जयराजनं थोडी वाट बघितली. लहानपणी खांद्यावर बसून जत्रेला जाताना तो असाच उत्तराची वाट बघायचा, 'तात्या, पाळना किती उच हाय?' म्हणून.

जीपमधून कुणीतरी म्हणालं, "चल जयराज. तात्यांस्नी मुलान्याच्या गाडीनं यिऊ दे." कुणी हसलं नाही, पण कुणी दटावलंही नाही. पुढची जागा रिकामी होती.

"रेश्माला डब्याचं काय सांगू?" जयराजनं जाताजाता विचारलं. ते टोचून विचारलं होतं की खरंच विचारलं होतं, कळलं नाही.

"सांग, तात्या भायेर जेवत्यात म्हनून."

एसटी उशिरानं मिळाली. फाट्यावर उतरून ते चालत निघाले. ऊन कललं होतं. डाव्या हाताला माळ, माळावर घुमट, दाराशी पोलिसांनी टाकलेली रिकामी खुर्ची. लालासाहेब तिकडं गेले नाहीत. जायला मनाई होती आणि आता ते पक्षकार होते. पक्षकारानं मनाई मोडू नये, एवढं त्यांना पलटणीनं शिकवलं होतं. नुसते बांधावर टेकले. वारा कुसळांतून शीळ घालत होता. लीलाबाईची एक ओवी होती, ती शेवटाला म्हणायची, गंध वाटीत काढताना:

*देव म्हनू का पीर म्हनू, मला न्हाई बाई ठावं*
*ज्यानं भरली वटी त्येनं, सांगावं गं आपलं नाव*

तिला कुणी विचारलं नाही, ते बरं झालं. त्यांनी फोन काढला.

दस्तगीरनं लगेच उचलला. "हां, लाला."

"माघार घितलीस व्हय?"

"पोरगा म्हनला, आब्बा, मला हितं नोकरी हाय, नातवंडं शाळंत जात्यात. कुनाकुनाच्या डोळ्यात सलायचं? मी सही केली. तुला फोन करायला धीर झाला न्हाई."

"मी पीर म्हनून सांगितलं. पक्षकार म्हनून नाव लिवून घेतलंय माझं."

"तुझं?" दस्तगीर ओरडलाच. "तुला कुनी सांगितलं हुतं? आरं, मी मुजावर, मी गप बसलो. आनि तू छाती काढून हुबा ऱ्हातोस! लोकं काय म्हंतील मला? माने हुबा ऱ्हायला आनि मुलानी पळाला?"

"तसं न्हवं रं..."

"तसंच हाय!" आणि फोन बंद झाला.

लालासाहेब फोनकडं बघत बसले. सकाळी पुढच्या सीटवर बसलेला माणूस संध्याकाळी बांधावर बसला होता, आणि दिवसभरात एकेक करून सगळेच उठून गेले होते. ते उठले. घरी आले. बोळातून जाताना रेश्मा दारात होती. त्यांना बघून तिनं पदर सारखा केला, तोंड उघडलं, आणि आतून कुणीतरी हाक मारली म्हणून आत गेली. हाक लालासाहेबांनी ऐकली नव्हती.

पीठ मळलं. भाकरी थापता आली नाही, तुटली. तुकडे तव्यावर टाकले. तुकड्यांनाही भाजल्यावर वास भाकरीचाच येतो.

फोन वाजला.

"तारीख कंदी हाय?" दस्तगीरचा आवाज बसला होता.

"म्हैन्यानं."

"सकाळी लवकर जा. तिथं दिसभर बसवत्यात आनि सांजच्याला पुढची तारीख देत्यात. व्हरांड्यात नळ हाय, त्याचं पानी पिऊ नगंस, मला त्रास झाला. घरनं न्हे. चपाती बांधून न्हे."

"बरं."

"आनि पंख्याखाली बसू नगंस. कागुद उडत्यात."

"बरं."

"पुन्यांदा इचारतील, तुमचा काय सबंध. तवा चिडायचं न्हाई."

"न्हाई चिडत." लालासाहेबांनी तव्यावरचा तुकडा उलटला. बोट भाजलं. "दस्तगीर, तू येशील का रं? नुसतं संगट बसायला. बोलू नगंस काय."

दस्तगीरनं फोन ठेवला नाही. पलीकडून सांगलीचा आवाज येत राहिला. रिक्षाचा हॉर्न, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, नातवंडं भांडत असलेली. लालासाहेबांनी फोन चुलीशेजारी उताणा ठेवला आणि तो आवाज ऐकत जेवायला बसले.