सहा नंबरच्या इमारतीत दुःख नाही

"माणसाच्या मनाचा तळ आजवर कुणालाही सापडलेला नाही. तो आज, सकाळी साडेनऊ वाजता, या सभागृहात सापडायला सुरुवात होणार आहे!" प्राध्यापक शेन यांनी जाहीर केलं आणि टाळ्यांसाठी थांबले.

पहिल्या रांगेतून एक आवाज आला, "अंडी माणशी का घराला?"

"माणशी सहा," तानबाईंनी उत्तर दिलं. "पण वीसच्या वीस प्रश्नांपुढे खूण केली तरच."

मग टाळ्या झाल्या.

प्रश्नावली परदेशातली होती. गेल्या आठवड्यात तुम्ही किती वेळा रडलात, झोप आली का, जगण्यात राम वाटला का, असं विचारून ती माणसाच्या उदासपणाला गुण देत असे. ती चिनी भाषेत आणायला तीन विद्वानांना दीड वर्ष लागलं होतं. एकाने भाषांतर केलं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत परदेशी भाषेत नेलं आणि तिसऱ्याने दोघांचं भांडण सोडवलं. आता ती खऱ्या माणसांवर चालते का, एवढंच बघायचं राहिलं होतं. खरी माणसं म्हणजे हेंगयांग शहरातल्या बंद पडलेल्या सूतगिरणीची, सहा नंबरच्या इमारतीतली बासष्ट माणसं. आज एकदा विचारायचं आणि पंधरा दिवसांनी त्याच माणसांना तेच पुन्हा.

तानबाई वस्तीच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्तीला दहा महिने उरले होते आणि गुडघे आधीच निवृत्त झाले होते. या वस्तीत त्यांनी उंदरांची मोहीम केली होती, मिठाची केली होती, जंतांची दोनदा केली होती. आता दुःखाची आली होती. ज्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं त्यांना त्या प्रश्न वाचून दाखवत होत्या. चाळिसाव्या माणसापर्यंत त्यांना स्वतःचे गुणही पाठ झाले. ते बरेच निघाले, पण कागदावर कर्मचाऱ्यांसाठी रकाना नव्हता.

"प्रश्न आठ," त्यांनी लू आजींना वाचून दाखवलं. "मी इतरांपेक्षा कमी नाही, असं मला वाटलं. कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, रोज?"

"अगं बाई! असं कुणी स्वतःच्या तोंडाने म्हणतं का? कधीच नाही."

"कुणाला दाखवायचं नाहीये, आजी."

"तुम्ही बघताय की."

"बरं. प्रश्न नऊ. मला रडू आलं."

लू आजींनी मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात इमारतीच्या प्रमुख छ्याओ मावशी हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"कधीच नाही," आजी मोठ्याने म्हणाल्या.

झालं होतं असं, की इमारतीच्या दारावर 'आदर्श इमारत' अशी लाल पाटी होती. ती मिळवायला छ्याओ मावशींना अकरा वर्षं लागली होती. त्यापायी त्यांनी जिन्यातल्या सायकली हलवल्या, कोंबड्या हलवल्या आणि एक घटस्फोट होऊ घातला होता तोही हलवला. दरवर्षी कुणीतरी कागद घेऊन तपासणीला येई. तेव्हा शेन यांचा कागदही त्यातलाच, हे उघड होतं. मावशींनी आदल्या दिवशी जिन्यातच सभा घेऊन सांगितलं होतं, "वाचत बसू नका. खालपासून वरपर्यंत 'कधीच नाही'. एकाने घाण केली की सगळ्यांची पाटी जाते."

चार दिवसांनी प्राध्यापकांचा फोन आला.

"सिस्टर, मी अठ्ठावीस वर्षं या शास्त्रात आहे. या इमारतीत दुःख अजिबात नाही."

"बरं झालं."

"सुखही नाही. ही माणसं रडत नाहीत आणि हसतही नाहीत. भाषांतर चुकलंय का हो?"

"भाषांतर छान आहे, सर."

"फक्त सदतीस नंबरचा कागद वेगळा आहे. झोप नाही, चव नाही, आपण नसतो तर बरं झालं असतं, सगळं 'रोज'. दुसऱ्या वेळी जुळला नाही तर तो काढून टाकावा लागेल."

"आणि जुळला तर?"

"तर नियम आहे. इतके गुण म्हणजे गुरुवारी जिल्हा रुग्णालयात पाठवायचं. तपासणी, औषध, सगळं फुकट."

सदतीस नंबर कुणाचा हे तानबाईंनी बघायचं नव्हतं. बघावं लागलंही नाही. सबंध इमारतीत जाड निळ्या पेन्सिलीने लिहिणारा माणूस एकच होता. पाचव्या मजल्यावरचे ख्वांग मिस्त्री. बेचाळीस वर्षं गिरणीचा बॉयलर सांभाळला, कोळशाच्या ढिगांवर त्याच पेन्सिलीने खुणा केल्या. बायको जाऊन आता तीन वर्षं होत आली होती.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच सभागृह, तीच अंडी. या वेळी छ्याओ मावशी दारात नव्हत्या. मागच्या वेळी ख्वांग मिस्त्री प्रश्न वाचत बसलेले त्यांनी दारातून पाहिले होते. आज त्या मिस्त्रींच्या शेजारच्या खुर्चीत, त्यांच्या कागदाला नाक लावून बसल्या होत्या. तानबाईंनी कागद गोळा केले. सदतीस नंबरवर खालपासून वरपर्यंत निळ्या खुणा होत्या. कधीच नाही. कधीच नाही. कधीच नाही.

तानबाई एक कोरा कागद घेऊन पाच मजले चढल्या. मजल्यागणिक थांबल्या. चौथ्यावर छ्याओ मावशी भेटल्याच.

"सिस्टर? वर कुठे?"

"मिस्त्रींचा रक्तदाब."

"मग माझाही बघा की."

"तुमचा इथूनच दिसतोय," तानबाई म्हणाल्या आणि कठडा धरून पुढे निघाल्या.

मिस्त्रींनी दार उघडलं, खुर्ची पुढे केली आणि न विचारता चहा ओतला. खोलीत वस्तू कमी होत्या आणि सगळ्या भिंतीला टेकून होत्या.

"मिस्त्री, तुमच्या कागदावर चहा सांडलाय. दुसरा भरावा लागेल."

"कुणी सांडला?"

"मी. आत्ता सांडणार आहे." त्यांनी पिशवीतून मिस्त्रींचा भरलेला कागद काढला, टेबलावर ठेवला आणि पेला त्यावर शांतपणे कलता केला.

मिस्त्री बघत राहिले. "चहा चांगला होता हो."

"पहिल्या वेळी खरं लिहिलंत. या वेळी का नाही?"

"पाटी गेली तर? ख्वांगमुळे गेली, असं लोक म्हणणार. या लोकांबरोबर एका नळावर पाणी भरलंय मी. छ्याओबाई वाईट नाहीत. माझी रुइशिया गेली तेव्हा आठवडाभर त्यांनीच भात आणून दिला."

"मग पहिल्या वेळी तरी कशाला लिहिलंत?"

मिस्त्रींनी फडक्याने टेबल पुसायला घेतलं. कोरडं झालं तरी पुसत राहिले.

"तुम्ही विचारलंत म्हणून. जेवलात का, हे रोज चार जण विचारतात, पण उत्तराला कुणी थांबत नाही. तुम्ही वीस प्रश्न विचारलेत, सिस्टर. लागोपाठ. मला वाटलं, एवढे कष्ट घेताहेत तर आपण बरोबर सांगावं."

मनाच्या तळाबद्दल प्राध्यापकांची बरीच वाक्यं तानबाईंच्या कानावरून गेली होती. त्यातलं एखादं आत्ता कामी येईल म्हणून त्यांनी आठवून पाहिलं. एकही आलं नाही. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

"पुन्हा विचारते. हळू विचारते. प्रश्न एक."

वीस प्रश्नांना पाऊण तास लागला. काहींना नुसती खूण आली, काहींना हकीकत. सतराव्या प्रश्नाला, माझ्यावाचून घरच्यांचं बरं चालेल असं मला वाटलं, मिस्त्रींनी खोलीभर नजर फिरवली. "घरचे म्हणजे कोण धरायचे?" त्यांनी विचारलं. मग त्यांनीच निळी पेन्सिल दाबून 'रोज' पुढे खूण केली. कागद मागच्या बाजूने फुगला.

"गुरुवारी सकाळी नऊला," तानबाई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई आहेत, ओरडत नाहीत. बसने जाऊ. मी खाली फाटकाशी उभी राहते."

मिस्त्रींनी फडक्याची घडी घातली.

"याल ना?"

खाली अंगणात कुणीतरी गादी बडवत होतं.

"हे बघा मिस्त्री, तुम्ही बॉयलर सांभाळलात. वाफ आत कोंडून राहिली की काय होतं, हे मी तुम्हाला सांगायचं का? माणसाचं मनही..." आपण प्राध्यापकांसारखं बोलायला लागलोय, हे लक्षात येऊन त्या मध्येच थांबल्या.

ख्वांग मिस्त्री उठले. त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली, तिच्यातून निळा कोट काढला, झटकला आणि उजेडाशी धरला. मग खणातून दोऱ्याचं रीळ आणि एक सुई आणून टेबलावर, त्या कागदाशेजारी ठेवली.

"गुंडी लावतो मीच," ते म्हणाले. "तेवढा दोरा ओवून द्या."