व्हर्नाचा हातगुण

“मुरगळू नकोस, नुसती चुरगळ,” व्हर्ना म्हणाली. “कोंबडीची मान नाही ती.”

नवशिक्या ट्रीनाने पुन्हा शेंड्याखालची फांदी अंगठा आणि तर्जनीत धरली, दाबली आणि कट्‌कन मोडली. सकाळपासूनची ही चौथी. व्हर्नाने खिशातून टेप काढली, फाटलेली साल जुळवली आणि पट्टी गुंडाळली. आठवड्याभरात तिथे गाठ धरेल, मोडलेल्या हाडासारखी, असं म्हणाली आणि पुढच्या झाडाकडे वळली.

काम दिसायला सोपं होतं. गांजाच्या झाडाला रोज अठरा तास उजेड मिळतो तोवर ते गुमान वाढतं. दिवे बारा तासांवर आणले की त्याला फुलायचे वेध लागतात आणि पहिले दोन-तीन आठवडे ते वयात आलेल्या पोरासारखं उंच होत सुटतं. वर दिव्यांना शेंडे टेकले की करपलेच. म्हणून उंच चाललेली फांदी बोटांत चुरगळून आतून मऊ करायची, साल न फाटू देता आडवी वाकवायची आणि टेबलावर ताणलेल्या जाळीखाली अडकवायची. मोठ्या शहरांत छतं उंच असतात, त्यांना ही कटकट कशाला? आयर्न पॉइंट या खाणीच्या गावातला हा कारखाना जुन्या बोलिंगच्या हॉलमध्ये होता आणि त्याचं छत होतं तेवढंच होतं.

व्हर्ना लाहतीने ही विद्या कमावली होती घराच्या तळघरात. तिथलं छत याहून ठेंगणं. नवरा रॉय खाणीतून निवृत्त झाला आणि वर्षभरात कॅन्सरने आडवा पडला. तेव्हा त्याच्यासाठी तिने परवान्याने सहा झाडं लावली. रॉयने पेन्सिलीने तुळईखाली भिंतीवर रेघ मारली होती आणि झाडं त्या रेघेच्या वर जाऊ द्यायची नाहीत असं बजावलं होतं. त्याचा जिवलग दोस्त डेल निएमी रोज यायचा, पायरीवर बसून तिचे हात बघायचा. रॉय गेला. पुढे कायदा सैल झाला, डेलने कर्ज काढून हा हॉल घेतला आणि सगळ्यात आधी व्हर्नाच्या दारात आला. तुझ्या हाताशिवाय हे जमणार नाही म्हणाला. माल ज्या डब्यांतून विकला जायचा त्यांच्यावर त्याने तिच्या हाताचं चित्र छापलं आणि खाली ‘व्हर्नाच्या हातचं’ असं लिहिलं. ती लाजली होती, पण पहिला रिकामा डबा तिने रॉयच्या फोटोशेजारी ठेवला.

त्या दिवशी दुपारी डेल डेट्रॉइटच्या दोन पाहुण्यांना घेऊन आला. नेहमीप्रमाणे व्हर्नाने एक फांदी वाकवून दाखवली, पाहुण्यांनी नेहमीप्रमाणे फोनवर तिचा व्हिडिओ काढला. “याला हातगुण म्हणतात,” डेल त्यांना म्हणाला. “सहाशे झाडं आहेत, एकाचीही मान वर नाही.”

“दाराजवळची सोडून,” ट्रीना पुटपुटली.

ते मात्र खरं होतं. दाराशी आठ झाडांचं एक टेबल होतं आणि व्हर्नाचा निम्मा जीव तिथेच जायचा. एक फांदी वाकवावी तर दुसऱ्या दिवशी तीन वर. दाराच्या वाऱ्याने होत असेल, असं ती दोन वर्षं धरून चालली होती. ट्रीना म्हणायची, ती पोरं बाहेर पळायला बघतात.

पाहुणे गेल्यावर व्हर्नाने डेलला गाठलं. तिच्या बहिणीच्या खुब्याचं मार्केट शहरातल्या इस्पितळात ऑपरेशन होतं, चार दिवस जावं लागणार होतं. आणि भिंतीलगतच्या टेबलावरच्या छत्तीस झाडांना तिचा हात अजून लागला नव्हता. दिवे बारा तासांवर आणून आज दहावा दिवस, ऐन उसळीचा. ट्रीनाच्या हवाली करावीत तर ती निम्मी मोडून ठेवणार.

“जा तू खुशाल,” डेल म्हणाला. “चार दिवसांत आभाळ कोसळत नाही.”

ती गेली, पण जीव सगळा भिंतीच्या टेबलात. बहिणीला सूप भरवताना तिला करपलेले शेंडे दिसत होते. पाचव्या दिवशी पहाटे बर्फातून गाडी हाकत ती थेट कारखान्यात आली आणि अंगातला कोटही न काढता आत शिरली.

भिंतीची छत्तीस झाडं बाकीच्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. एकही वर नाही.

“तुमच्या धाकानेच खाली राहिली,” ट्रीना हसून म्हणाली. व्हर्नाही हसली. मग तिने खिशातून फूटपट्टी काढली. चौदा दिवसांत झाड चार बोटंही वाढलं नव्हतं. याच वाणाची दोन झाडं तिच्या तळघरात होती. दिवे त्याच दिवशी बदललेले, आणि ती बहिणीकडे निघाली तेव्हाच ती झाडं दुपटीला आली होती. तिने पान उलटून पाहिलं. हिरवं नव्हे, काळपट. पेरं एकमेकांवर चढून बसलेली. एक फांदी बोटांत घेऊन चुरगळायला गेली तर ती मऊ न होता, ट्रीनाच्या हातात तुटायची तशी, खडूसारखी तुटली. मग ती दाराजवळच्या टेबलाकडे गेली. चार दिवसांत आठही झाडं जाळी फोडून दिव्यांना भिडली होती आणि शेंडे जळून तांबूस झाले होते. वारा नव्हता तो. ती आठच झाडं धड होती.

दारावर उंचीच्या नोंदीचा तक्ता टांगलेला असे. तारीख, टेबल, उपाय, सही. तिने पान उलटलं. अकरा तारखेपासून चौदा तारखेपर्यंत भिंतीच्या टेबलापुढे चारही दिवस लिहिलं होतं: हाताने वाकवले, व्ह. ला. आपल्या नावाचा ‘व्ह’ ती असा कधीच काढत नसे. डेल काढायचा. पूर्वी ती तिघं याच हॉलमध्ये बोलिंग खेळायची, तेव्हा गुणफलकावर तिचं नाव तोच लिहायचा ना इतकी वर्षं.

तिने तक्ता दारावरून काढून हातात घेतला. ट्रीनाने खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

पाणी कालवायच्या खोलीत डेल पिंपांशी उभा होता. तिने तक्ता त्याच्यापुढे धरला आणि पाण्यात काय घालतोस एवढंच विचारलं. त्याने आधी खतांची नावं सांगितली. ती हलली नाही. मग त्याने कोपऱ्यातला वेष्टन खरवडलेला डबा पायाने पुढे सरकवला. शोभेच्या झाडांची वाढ खुंटवायचं औषध. कुंडीतली फुलं ठेंगणी राहावीत म्हणून घालतात. जे माणूस ओढणार त्याला घालायची बंदी आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली,” डेल म्हणाला. “सहाशे झाडं, व्हर्ना. तू एकटी कुठवर पुरणार होतीस?”

“मी वाकवत होते.”

“वाकवत होतीस. पण ती उंच होणारच नव्हती.”

दोन वर्षं. संध्याकाळी अंगठे आखडायचे, गरम पाण्यात बुडवून बसायची ती. आणि झाडं पिंपातल्या पाण्याने आधीच जागच्या जागी बसवलेली. बरं, दाराजवळची आठ? डेलने तेही सांगून टाकलं, माणूस एकदा सांगायला लागला की थांबत नाही. त्यांना साध्या पाण्याची वेगळी नळी होती. प्रयोगशाळेचा माणूस नमुना घ्यायला आला की त्याला दाराच्या टेबलाशीच न्यायचं. म्हणजे तिच्या हातांनी जी खरीखुरी वाढवली ती आठ झाडं सरकारला दाखवायला, आणि बाकी सगळा माल त्यांच्या आडोशाने बाजारात.

“मग मला कशाला ठेवलंस?” तिने विचारलं. “दोन वर्षं माकडासारखं नाचवलंस पाहुण्यांपुढे.”

“लोकांना काहीतरी गोष्ट लागते गं. औषधाचा डबा बघायला कोण येणार? ते तुझे हात बघायला येतात.” तो खाली बसला, एकदम म्हातारा दिसला. “तीस माणसं पोसतोय मी इथे. रॉय असता तर समजून घेतलं असतं त्यानं.”

“रॉय असता तर त्यानं हेच ओढलं असतं, डेल.”

डेलने तो डबा पायाने पुन्हा कोपऱ्यात सरकवला.

परक्याने फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळं होतं. पण हा माणूस रॉयच्या उशाशी बसला होता, त्याच्या शवपेटीला खांदा दिला होता. केसानं गळा कापला त्यानं. व्हर्नाला रडू आलं नाही, संतापही धड येईना. आपण मूर्ख ठरलो, ही लाज तेवढी कानशिलापर्यंत चढली.

तक्ता घेऊन ती बाहेर आली. त्या चार ओळींखाली पेन दाबून तिने लिहिलं: ही झाडं कुणीही वाकवलेली नाहीत. पाण्यात औषध आहे. दोन वर्षांपासून. खाली पूर्ण नाव, आपला ‘व्ह’. फोनवर त्याचा फोटो काढून परवाना देणाऱ्या सरकारी कचेरीला पाठवला. ट्रीना मागे उभी राहून वाचत होती. तिची नोकरीही त्याच ओळीत चालली होती. तिने एवढंच विचारलं, की म्हणजे मी मोडत होते त्यात माझी चूक नव्हती?

“नव्हती,” व्हर्ना म्हणाली. “तू चांगली शिकली असतीस.”

घरी जायच्या आधी ती आर्वो कांगसकडे वळली. ऐंशी पार केलेला आर्वो खाणीत रॉयचा मुकादम होता, आता हाडांत दुखणं शिरलेलं. संध्याकाळी दोन झुरके घेतले की त्याला झोप लागायची. गावात दुसरीही दुकानं होती, पण तुझ्या हातचं आहे म्हणून घेतो, असं तो येईल त्याला सांगायचा. त्याच्या स्वयंपाकघरात खिळ्यावर दोन मग टांगलेले असत, एक त्याचा आणि एक निळा, व्हर्नाचा. तिने यावं, निळा मग काढावा आणि चुलीवरच्या कॉफीतून आपली आपण ओतून घ्यावी, असा चाळीस वर्षांचा रिवाज. कपबशी निघायची ती पाद्रीबाबांसाठी किंवा विम्याच्या माणसासाठी.

तिने कोट न काढताच त्याच्याकडचे डबे मागितले.

“संपलं का तुझ्याकडचं?” आर्वोने काठीने कपाट दाखवलं. “दोन आहेत बघ. दोन्ही ने पोरी, मी काढीन चार दिवस.”

तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सगळं सांगितलं. पिंप, डबा, दोन वर्षं, डेल. आर्वो ऐकत राहिला. टेबलावर दोन डबे होते, दोन्हींवर तिचा हात.

डब्यावरच्या चित्रावर बोट ठेवून तो म्हणाला, “तुला ठाऊक होतं का?”

“नाही, आर्वोकाका.”

“बरं.”

त्याने मान हलवली. विश्वास ठेवला असावा, निदान तसं दाखवलं. मग काठी टेकत उठला, कॉफी घेऊनच जा म्हणाला. व्हर्ना सवयीने खिळ्याकडे निघाली होती. पण आर्वो तिच्या आधी वरच्या फळीपाशी पोचला आणि जपून त्याने कपबशी खाली काढली.

ती खुर्चीवर बसली आणि त्याने ओतून देईपर्यंत थांबली.