डेबऱ्या हाताचं विमान

रत्नाचा भाऊ ईश्वर मस्कतहून सुटीवर आला, तेव्हा त्यानं बहिणीला साडीऐवजी कॉम्प्युटर आणला. तिच्या सासरी, सिहोऱ्यात, त्यावर बरीच चर्चा झाली. पण ईश्वरला बहीण ठाऊक होती. लग्नाआधी तिनं नागपुरात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला होता, आणि माहेरचं एकही यंत्र तिनं उघडल्याशिवाय सोडलं नव्हतं.

तो काळा, पाटीएवढा कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डर लावून कॅसेटवरचा खेळ त्यात चढवायचा. कॅसेट एकच होती, लढाऊ विमानाची. पडद्याच्या खालच्या अर्ध्यात विमानातली घड्याळं, वरच्या अर्ध्यात आभाळ आणि जमीन यांच्यामधली एक रेघ. शत्रूचं विमान ठिपक्यासारखं यायचं आणि मोठं होत जायचं. विमान हाकायला ईश्वरनं दोन जॉयस्टिक दिल्या होत्या. "कोणती चांगली, ते तूच पाह्य," तो म्हणाला.

पहिली उंच होती. मुठीत धरायची दांडी, बोटं बसायला खाचा, तर्जनीखाली गोळी झाडायचा घोडा, आणि बुडाला चार रबरी वाट्या. दुसरी म्हणजे एक चपटी डबी, मधोमध आखूड दांडी आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल बटण.

सासऱ्यांनी, भैय्यालालनी, पहिल्याच दिवशी उंचवाली उचलली. ते धानाचे व्यापारी. कोणत्याही दुकानातली सगळ्यात मोठी वस्तू त्यांना आधी आवडायची. पण रबरी वाट्या सारवलेल्या जमिनीला चिकटेनात, पाटालाही चिकटेनात. रत्नानं इकडंतिकडं पाहिलं आणि स्वयंपाकघरातली भंडाऱ्याची पितळी परात आणून उपडी घातली. त्यावर वाट्या अशा बसल्या की दांडी उचलली तर परातही उचलली जाई. भैय्यालालनी मांडी घातली, परात पुढ्यात ओढली, वर जायचं म्हणून दांडी जोरात पुढं लोटली, आणि विमान सरळ जमिनीत घुसलं.

"हे उलटं हाये!" ते म्हणाले.

"नाई मामाजी, असंच असते. दांडी मांगं ओढली का विमानाचं नाक वर जाते."

"काहून? वर जाचं असन तं पुढं लोटन ना माणूस!"

"बराबर तं हाये," दारातून आवाज आला. रत्नाच्या सासूबाई, देवकाबाई, सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कासरा ओढला का बैल तोंड वर करते."

"तुले काय समजते व विमानातलं?"

"विमानातलं नाई समजत. बैलातलं समजते."

रत्नाला हसू आलं आणि तिनं ते गिळलं. लग्नाला वर्ष होत आलं होतं, तरी सासू तिच्याशी कामापुरतंच बोलायची. रागानं नाही. देवकाबाई सगळ्यांशीच कामापुरतं बोलत. खेळाच्या सुरुवातीला वर-खाली उलट करायची सोय होती. रत्नानं ती सासऱ्यांसाठी लावून दिली. तरी भैय्यालाल पडतच राहिले, फक्त आता खुशीनं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बाजाराला गेले. रत्नाचा नवरा घनश्याम रोजच्यासारखा तुमसरला नोकरीवर. घरात दोघीच. भांडी घासून झाली तेव्हा देवकाबाई टीव्हीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"हे चालू हाये का व?"

"चालू करून देऊ का, आत्याबाई?"

"मी काय करतो चालू करून?" असं म्हणत त्या परातीसमोर बसल्या.

रत्नानं कॅसेट लावली. किंचाळल्यासारखा आवाज करत खेळ चढला. देवकाबाईंनी उजव्या हातानं दांडी धरली. विमान उडालं, एका अंगावर कललं आणि कललेलंच राहिलं. त्यांनी सावरायला पाहिलं तर ते दुसऱ्या अंगावर गेलं. ठिपका आला, मोठा झाला, आणि पडदा पांढरा पडला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच.

"माह्या हातचं नाई हे," देवकाबाई उठल्या. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण पदर त्यांनी जरा जास्तच घट्ट खोचला.

रत्नाला वाईट वाटलं. कासऱ्याची गोष्ट जिला इतकी सहज कळली, तिला विमान का सांभाळता येत नाही?

संध्याकाळी परसात वानर आलं आणि वालाच्या मांडवावर बसून शेंगा ओरबाडू लागलं. देवकाबाई गोठ्यातून बाहेर आल्या, वाकून ढेकूळ उचललं आणि फेकलं. ढेकूळ वानराच्या शेपटीशेजारी मांडवाच्या बल्लीवर फुटलं. वानर पळालं. अचूक नेम होता, आणि हात डावा होता.

"आत्याबाई! तुमी डेबऱ्या हाताच्या?"

देवकाबाईंनी हात पदरात घेतला, जसा कुणी चोरून खाल्लेल्या लाडवाचा घ्यावा. "होतो. लहानपनी. माय जेवताना हात फडक्यानं बांधून ठेवे. मंग पडली सवय उजव्याची." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पन कोनी नसलं का हा आपल्यानंच पुढं येते."

त्या रात्रीपर्यंत रत्नाला धीर निघेना. जेवणं होताच तिनं दोन्ही जॉयस्टिक पुढ्यात घेतल्या. उंचवालीच्या खाचा उजव्या पंजासाठी कोरलेल्या होत्या. डाव्या हातानं धरली तर बोटं उंचवट्यांवर येत, आणि घोडा ओढायला मनगट वाकडं करावं लागे. ती बाद झाली. डबीवालीत दांडी उजव्या हातासाठी आणि बटण डाव्या अंगठ्यासाठी. डबी पाव फेरा फिरवली तर बटण उजव्या अंगठ्याखाली येई आणि दांडी डाव्या हाताला सापडे. पण डबी फिरली की दिशाही फिरणार. वर ढकललं तर विमान डावीकडं जाणार.

दुसऱ्या दिवशी चहा होताच तिनं डबीचे स्क्रू काढले. आत चार पातळ पत्र्याच्या टिकल्या, चार दिशांच्या चार तारा. घनश्याम ऑफिसला जायचं सोडून बघत उभा राहिला.

"अवो, नवी वस्तू हाये! जळली तं?"

"मंग तुमच्या भरवशावर नाई, माह्याच भरवशावर जळन," रत्ना म्हणाली आणि सोल्डरिंगची सळई तापवली. डावीकडची तार आता वर, वरची उजवीकडं, उजवीकडची खाली, खालची डावीकडं. चारही तारा एकेक घर सरकल्या. डबी बंद करून तिनं सासूला हाक मारली.

देवकाबाई पीठ मळता मळता आल्या, हात पुसत बसल्या. रत्नानं डबी त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवली आणि डावा हात दांडीवर आणून ठेवला.

"ह्या हातानं?"

"ह्याच हातानं."

विमान धावपट्टीवरून सुटलं. देवकाबाईंनी दांडी हलकेच ओढली. नाक वर गेलं. विमान डावीकडं कललं, आणि त्यांनी एवढासा हिसका देऊन ते सरळ केलं. ठिपका आला. देवकाबाई पुढं झुकल्या, विमान वळवून त्याच्या मागं लागल्या. अंगठा बटणावर पडला आणि ठिपका फुटला.

"पडलं!" त्या ओरडल्या. "रत्ने, पडलं ना ते? का मीच पडलो?"

"तेच पडलं, आत्याबाई!"

देवकाबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की घनश्याम बूट घालता घालता परत आत आला. आई अशी हसते हे त्याला माहीत नव्हतं.

त्यानंतर दुपारचा भात लवकर शिजू लागला. देवकाबाई विमानं पाडायला शिकल्या, ढगात लपायला शिकल्या. फक्त उतरता येत नव्हतं. धावपट्टी समोर आली की वेग जास्त व्हायचा आणि विमान आपटायचं. "हे उतरनं मोठं बेकार हाये," त्या म्हणत. मग दोघी बसून काट्यांकडं बघत हिशेब लावत, की वेग केव्हा कमी करायचा आणि चाकं केव्हा काढायची. बोलणं विमानावरून सुरू होई आणि कुठंही जाई. रत्नाच्या माहेरी, देवकाबाईंच्या आसगावला, तिथल्या खाचरांच्या, म्हणजे हलक्या बैलगाड्यांच्या, शर्यतींवर, एकदा तर देवकाबाईंच्या लग्नातल्या रुसव्यावर.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, दिवशी आसगावहून देवकाबाईंचा भाऊ तुलाराम आला. बाहेर दुकानं लागली होती, दंडारीच्या नाचाची ढोलकी वाजत होती, पण पाहुण्यांची गर्दी घरात टीव्हीभोवती. भैय्यालालनी मेहुण्याला मुद्दाम उंचवाली दिली. तुलारामनं दोनदा विमान जमिनीत घातलं आणि परात बाजूला सारली.

"बाई मानसाले जमते म्हनता, तं मले काहून नाई?"

"कोन्या बाईले जमते, ते पाह्य ना," भैय्यालाल म्हणाले. "ये व, देवका."

देवकाबाई भावासमोर क्षणभर थबकल्या. मग बसल्या आणि डावा हात पुढं केला. तुलाराम त्या हाताकडं बघत राहिला. विमान उडालं. एक पडलं, दुसरं पडलं, बायका ओरडल्या. मग इंधनाचा काटा खाली आला आणि देवकाबाईंनी विमान घराकडं वळवलं.

"वेग, आत्याबाई," रत्ना हळूच म्हणाली.

"दिसते मले."

धावपट्टी समोर आली. वेग उतरला, चाकं निघाली. देवकाबाईंनी ओठ दाताखाली धरून दांडी जराशी ओढली. विमान टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, आणि थांबलं. कुणालाच आधी कळलं नाही, कारण पडदा पांढरा पडला नव्हता.

"उतरलं!" रत्ना किंचाळली.

तुलाराम टाळ्या वाजवत सगळ्यांना सांगू लागला, "असंच खाचर हाके ही! दोन मानसं घाबरून उतरून पडले होते!"

"तू होता त्यातला एक," देवकाबाई म्हणाल्या, आणि भैय्यालाल हसून आडवे झाले.

गर्दी मंडईकडं पांगली. देवकाबाईंनी डबी खाली ठेवली आणि सुनेकडं पाहिलं.

"तू कवा उडवलं व?"

रत्नानं आठवून पाहिलं. तारा जोडल्या, कॅसेट लावली, परात आणली, पण पूर्ण फेरी तिनं एकदाही मारली नव्हती.

"बस," देवकाबाई म्हणाल्या. "चहा मी ठेवतो. नाई, चहा मागून होईन. आधी तू बस." आणि त्या तिच्या खांद्याशी बसल्या.

रत्नानं परात ओढून उंचवाली मुठीत धरली. विमान धावू लागलं. पट्टी संपत आली तरी ते जमीन सोडेना. कानाशी देवकाबाई ओरडत होत्या, "ओढ व रत्ने, ओढ! भेऊ नको!" रत्नानं दोन्ही हातांनी दांडी ओढली. रेघ खाली सरकली आणि पडदाभर आभाळ झालं.