इआकोपोचं रक्त

परदेशातून विमानानं आणलेल्या खलाशांना बेटाच्या राजधानीत, आपियात, समुद्राकाठच्या एका हॉटेलात कोंडून ठेवलं होतं. त्यांत फुआतिनोचा धाकटा भाऊ इआकोपो होता. जगभरची बंदरं बंद झाली तेव्हापासून तो मालवाहू जहाजावरच अडकून पडलेला. फुआतिनो दक्षिण किनाऱ्यावरच्या आपल्या गावाहून बस धरून गेली, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं घेऊन. डबा फाटकावरच्या पोलिसाकडे द्यायचा आणि चालू लागायचं, असा नियम. तिनं तो पाळला. पण परतताना मागच्या तारेच्या जाळीशी भाऊ उभा दिसला आणि तिचा पाय निघेना. त्यानं जाळीतून बोटं बाहेर काढली. तिनं ती गच्च धरली. तो लहान मुलासारखा रडला आणि त्याच हातांनी तिनं स्वतःचे डोळे पुसले.

रविवारी ती चर्चमध्ये गायली. नंतरच्या जेवणात गावप्रमुख तुइलागी आजोबांच्या पानात तिनंच अळकुड्या वाढल्या. बाळाला, तालाला, नेहमीसारखं अंगावर पाजलं.

सोमवारी रेडिओवर सांगितलं, आलेल्या खलाशांपैकी एकाच्या नाकातल्या नमुन्यात कोरोना सापडला आहे. देशात तोवर एकही रोगी नव्हता. नाव सांगितलं नाही, पण दुपारी फोन वाजला.

"ताई, तो मीच आहे," इआकोपो म्हणाला. "कुणाला सांगू नकोस."

आदल्या वर्षी गोवराच्या साथीत तिची थोरली, लुसी, दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्या मांडीवरच गेली होती. त्याआधी, आजीच्या लहानपणी, न्यूझीलंडहून आलेल्या एका जहाजानं ताप आणला आणि गावात पुरायला माणूस उरलं नाही. मेलेल्यांना एकाच खड्ड्यात लोटलं. ती जागा अजून कुणी नांगरत नाही. आता असा ताप आलाच, तर तो आपल्या हातून येणार, हा विचार तिला सोडेना.

तिनं कुणाला सांगितलं नाही. डोकं दुखतंय म्हणून ती डोंगरावरच्या केळीच्या मळ्यात, तिथल्या झोपडीत जाऊन राहिली. तिचा नवरा तोएसे बाळाला घेऊन आला, तेव्हा तिनं लांबूनच हातानं नको म्हटलं. भावाशी काही भांडून आली असेल, असं समजून तो धुसफुसत परतला. ती केळीच्या पानांआड बसून स्वतःच्या श्वासाकडे लक्ष देत राही. घसा खवखवला की जीव उडे; मग आठवे, सकाळी चुलीचा धूर गेला होता.

मग तोएसे धापा टाकत वर आला. तालाचं अंग तापलं होतं.

तेव्हा तिनं सगळं सांगितलं. जाळी, बोटं, फोन. बोलता बोलता तोएसे एक पाऊल मागे सरला. त्याला ते कळलंही नसावं, पण तिला कळलं.

"आधी का नाही बोललीस?" एवढंच तो म्हणाला, आणि नर्सला आणायला खाली धावला.

नर्स नाओमी त्यांच्याच गावची, फुआतिनोच्या वर्गातली. नखशिखान्त झाकून आली. तिनं बाळाच्या आणि फुआतिनोच्या नाकातून नमुने घेतले. दोन्हीत काही सापडलं नाही. पण इतक्या लवकर सापडत नसतं कधीकधी, असंही तिनं सांगून टाकलं. खोटा धीर देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"आता सगळं इआकोपोच्या रक्तावर आहे," ती म्हणाली. "आजार जुना असला तरी नाकात मेलेल्या विषाणूचा चुरा बरेच दिवस राहतो, चाचणीत तोही दिसतो. रक्तात मात्र लबाडी चालत नाही. नुकतीच लागण असेल तर अँटीबॉडी नसतील. जुनी असेल तर भरपूर असतील. मग तो कुणाला काही देऊ शकत नाही, तुलाही दिलं नसणार."

"मग त्याला विचारा ना, आजारी पडला होता का."

"विचारलं. शपथेवर सांगतो, जहाजावर साधी शिंकही आली नाही."

फुआतिनोला वाटलं, संपलं. आजारी नव्हता म्हणजे रोग नवा, म्हणजे जाळीशी त्याच्या अंगात विषाणू जिवंतच होता.

रक्त न्यूझीलंडला पाठवलं होतं आणि विमानं क्वचितच जात होती. तोवर फुआतिनोनं खाली घरी, पण बाळापासून वेगळं राहायचं ठरलं, आणि गावाच्या सभेनं त्यांच्या घराकडची वाट फांद्या टाकून बंद केली. कुणीतरी दाराच्या खांबाला लाल फडकं बांधलं. गोवराच्या वेळी लस न घेतलेल्या घरांवर बांधत, तसलं. तुइलागी आजोबा एका सकाळी काठी टेकत आले आणि लांब दगडावर बसले. शिव्या देतील असं तिला वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "पोरी, माझ्या पानात तू कुठल्या हातानं वाढलंस?" तिनं उजवा हात वर केला. म्हातारा त्या हाताकडे बघत राहिला.

तालाचा ताप उतरला, पुन्हा चढला. मग हिरडीतून दात टोचू लागला आणि ताप गेला तो गेलाच. तरी फुआतिनोनं बाळ जवळ घेतलं नाही. दूध दगडावर पिळून टाकी.

शेवटी नाओमी आली ती मास्क न लावता. वाटेतल्या फांद्या तिनंच बाजूला ओढल्या. इआकोपोच्या रक्तात अँटीबॉडी खच्चून भरलेल्या निघाल्या. एकदा नव्हे, दोनदा रक्त काढलं, दोन्ही वेळा तेच. त्याला होऊन गेल्याला महिने उलटले होते.

कागद समोर ठेवल्यावर त्यानं कबूल केलं. भर समुद्रात ताप आला होता. त्याच खोलीतला एक खलाशी दगावला. कप्तानानं दम भरला, बाहेर बोललात तर कुठलंच बंदर घेणार नाही, घर विसरा. तो भीतीनं गप्प बसला, आणि गप्प राहायची सवय होऊन गेली.

फुआतिनोनं तालाला उचललं आणि छातीशी इतकं घट्ट धरलं की बाळ रडायला लागलं. भावाचा फोन मात्र तिनं घेतला नाही. त्याच्या एका शब्दानं सुटलं असतं सगळं.

इआकोपो सुटून आला, पण घरी गेला नाही. रीतीप्रमाणे माफी मागायला डोक्यावर चटई पांघरून गावप्रमुखाच्या घरासमोर उन्हात बसला, खाली मान घालून. माफी मान्य असेल त्यानं चटई उचलायची. लोक जमले, कुणी हलेना. शेवटी तुइलागी आजोबांनी फुआतिनोकडे पाहिलं.

ती पुढे गेली. त्याचं रक्त साफ आहे हे तिला ठाऊक होतं, नाओमीनं शंभरदा सांगितलं होतं, तरी हात चटईशी जाऊन थांबला. मग तिनं डोळे मिटून चटई ओढली.

तो ओळखू येईना इतका वाळला होता. ती त्याच्यासमोर मातीत बसली.

"दगावला तो कोण होता?" तिनं विचारलं.

"किरिबास बेटांवरचा. तेबाउ नाव. स्वयंपाकी होता." इआकोपो म्हणाला. "शेवटी पाणी मीच पाजलं, ताई. त्याच्या घरी अजून कुणी कळवलेलं नाही."

"मग आत चल," ती म्हणाली. "आधी त्यांना फोन कर."