भाड्याचं माजघर

निजामाच्या अमदानीतली शेवटची वर्षं. लातूरच्या गंजात, म्हणजे बाजारपेठेत, कापूस आला, कापसामागं माणसं आली, अन् माणसांमागं घरभाडी चढली. संगप्पा अडत्याची नियत तेव्हाच फिरली. आधी त्यानं ओसरी भाड्यानं दिली, मग माडी, मग चुलीसकट माजघर. घरधनी बायको-लेकीला घेऊन गोठ्यात राहू लागला, अन् बैल अंगणात. दानम्माला बैलांच्या डोळ्याला डोळा भिडवायची लाज वाटे. नवऱ्याला कशाचीच वाटत नव्हती.

तशात उदगीरहून निरोप आला. गुंडप्पा आपल्या मन्मथला घेऊन शिवकांताला पाहायला येणार.

"गोठ्यात दाखवू का लेक? पोरगी बघतील का कालवड?" दानम्मा कडाडली.

माजघरात नांदेडहून बदलून आलेला कचेरीतला अहलकार, म्हणजे कारकून, राहायचा. दानम्मा आपल्याच उंबऱ्याबाहेर उभी राहून त्याच्या बायकोला म्हणाली, "सौदामिनीबाई, दुपारपुरतं माजघर द्या."

"देऊ की. पण दिवसाचं भाडं पडेल, मावशी. दर तुमच्याच मालकांनी चढवलाय."

दानम्मानं दात खाऊन आपल्याच घराचं भाडं दिलं. संगप्पा स्वतःच लावलेल्या दराला लूट म्हणाला.

पाहुणे आले. शिवकांता पानसुपारी घेऊन आली, तर गुंडप्पा तुळया न्याहाळत होते. मन्मथ पावलं टाकून खोली मोजत होता.

"पाणी हितंच का? हवा येती का?" त्यानं विचारलं.

"पोरीला काय येतं ते तरी इचारा!" दानम्मा म्हणाली.

"येत आसंल की," गुंडप्पा म्हणाले. "खरं सांगू का आक्का, पोराला गंजात मुनीमकी लागली, खोली मिळंना. भाड्यानं मागावी तर दारातूनच हाकलतात. पोरगी बघायला आलो म्हणलं की घरभर हिंडू देतात."

"मग आमची पोरगी?"

"पसंत हाय! हुंडा नको. दोघांना ऱ्हायला जागा द्या, बस."

शिवकांता पदराआडून हसत होती. दानम्मानं ते बरोबर हेरलं. आता हे स्थळ सोडायचं न्हाई.

संगप्पा खाकरला. "गोठाच उरलाय. त्याचं भाडं..."

"भाड्याचं नाव काढलं तर बैलाजागी तुम्हाला बांधीन!"

लग्न झालं. जोडपं गोठ्यात राहिलं. मग म्हातारा-म्हातारीनं जावं कुठं? गुंडप्पांच्या घरी मन्मथची खोली मोकळी होती. लेक सासरी जाते ही जगाची रीत. इथं लेक माहेरी राहिली अन् आईबाप तिच्या सासरी निघाले. शिवकांतानं आईची ओटी भरली. "नीट नांद गं आई," म्हणून हुंदका दिला. वेशीपर्यंत आलेली सौदामिनीसुद्धा रडली.

उदगीरला गुंडप्पा दारातच उभे होते.

"या या, खोली सारवून ठेवलीय. व्याह्याकडून जास्ती कसं घ्यावं? लातूरचाच दर लावू."