ऐनाखाली पुरलेल्या पायाची जागा

मी पाय बोलतोय. हसू नका. प्लास्टिकचा असलो तरी दाभोसा गावच्या सावळाच्या डाव्या गुडघ्याखाली मीच उभा असतो. जव्हारला नकली पाय वाटायच्या शिबिरात मी त्याला मिळालो.

माझ्याआधी तिथं त्याचा स्वतःचा पाय होता. वीटभट्टीवर ट्रॅक्टरखाली चिरडला. दवाखान्यात कापल्यावर सावळाने तो मागून घेतला, फडक्यात बांधून गावी आणला आणि शेताच्या कडेला ऐनाच्या झाडाखाली पुरला. आपल्या अंगाचं असं टाकून येतात का, म्हणाला.

पण पुरलेला तो काही गप्प बसेना. त्याची बोटं वळायची, तळवा जळायचा, आणि सावळा कळवळून मला चोळायचा. अहो, मला चोळून काय होणार! रोज तिन्हीसांजेला तो ऐनाखाली बसायचा आणि मातीला विचारायचा, थंडी वाजते का? मला भीती वाटायची. मी दुसऱ्याच्या जागेवर बसलोय आणि तो कधीतरी परत मागायला येईल, असं वाटायचं.

भात कापून झालं. सावळाच्या बायकोने, नवशीने, खळं शेणानं सारवलं. भात झोडावं तर सावळानेच, असं सारा पाडा म्हणायचा. यंदा तो खळ्याशी आला आणि खाली बसून माझे पट्टे सोडू लागला. खळ्यात चपला घालून जात नाहीत, आणि त्याच्या लेखी मी चप्पलच. मला कडेला ठेवून तो ढुंगणावर सरकत आत गेला. बसल्या बसल्या पेंढी उगारली, ती झोडायच्या ओंडक्याऐवजी त्याच्याच मांडीवर आपटली. आता मी कुणाच्या कामाचा नाही, म्हणाला, आणि सगळ्यांदेखत रडला.

नवशीने मला उचललं. तांब्याभर पाण्यानं धुतलं, बोटांच्या खाचांतली मातीसुद्धा काढली. मग त्याचा उजवा पाय धुतला.

"ही चपल नाय. तुझा पाय हाय. उठ, उभा रहा."

पट्टे तिनेच आवळले. पहिल्या पेंढीला तो डगमगला, दुसरीला मी. मग त्याचे हात चालू लागले, दाणे उडू लागले, आणि तो नवशीवर ओरडला, पेंढ्या लवकर दे म्हणून.

ऐनाखालचा अजून हाक मारतो. सावळा अजून जातो. माझी टाच झिजलीय, एक पट्टा तुटायला आलाय. पण चालत्या माणसाला पाय कुठे आठवतात? त्या दुपारी रास होईपर्यंत त्याला माझी एकदाही आठवण झाली नाही. बाबा सावळा, असाच विसरत जा मला.