प्रवाळ कुरतडणारा मासा

दादानं साठी जवळ आली असताना लग्न केलं आणि तो दुसऱ्या गावी, बायकोच्या घरी राहायला गेला. जाताना त्यानं दोन बॅगा आणि रेडिओ नेला. समुद्राच्या पाण्याची टाकी मात्र उचलून नेण्यासारखी नव्हती. बैठकीच्या खोलीची एक अख्खी भिंत तिनं अडवली होती, आणि तिच्यातले प्रवाळ दादानं कित्येक वर्षं जिवापाड जपून वाढवले होते.

"तुझ्याकडेच राहू दे, छोटी," तो म्हणाला. "प्रवाळ जगतील. मासे आता तुझ्या पसंतीचे आण."

मासे उरलेच नव्हते. हिवाळ्यात रोग आला आणि एकामागून एक सगळे गेले. रोग पुरता जाईपर्यंत टाकी रिकामी ठेवायची असं दादानं ठरवलं होतं. तेवढ्यात लग्नाचं निघालं आणि मासे आणायचे राहूनच गेले.

छोटी म्हणजे त्याची धाकटी बहीण. पन्नाशी उलटली तरी घरातलं नाव सुटलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची, फ्रेममध्ये बसवायची. आईवडील गेल्यावर दोघं भावंडं त्याच घरात राहिली. लग्नाचं कुणी विचारलं की दादाच उत्तर द्यायचा, "आमचं दोघांचं बरं चाललंय." हे इतक्या वेळा ऐकलं होतं की छोटीला ते ठरल्यासारखंच वाटत होतं. मग एके दिवशी जेवताना दादानं ताटाकडे बघत सांगितलं, की एक बाई आहेत, आणि आमचं ठरलंय.

तो गेल्यावरही ती कामावरून आली की दार उघडताना "आले रे" म्हणायची आणि मग स्वतःशीच चडफडायची. घरात आवाज होता तो टाकीच्या पंपाचा. निळ्या दिव्याखाली प्रवाळ हळूहळू डुलायचे. समोरच्या खुर्चीत बसून ती जेवायची, आणि बघायला काहीच नसल्यासारखं तिला व्हायचं. शेवटी तिनं मासे आणायचं मनावर घेतलं.

दादाच्या नेहमीच्या दुकानात ती गेली नाही. तिथं सगळ्यांनी दादाची चौकशी केली असती. बसथांब्याजवळ एक दुसरं दुकान होतं, तिथं ती शिरली. दुकानदार जाडसर, कोपरापर्यंत ओला, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता माशांकडे बघणारा.

"आधी सांगा, कोण कोण आहे?" त्यानं विचारलं.

"मी एकटीच," छोटी म्हणाली.

"टाकीत विचारतोय, ताई."

छोटीचे कान तापले. "प्रवाळ आहेत. बरेच. मासे नाहीत."

"मग जपून घ्यावे लागतील. प्रवाळाला तोंड न लावणारे, आणि आपसांत मारामारी न करणारे." तो पुढं झाला. क्लाऊनफिशची केशरी जोडी दाखवली. "हे प्रवाळाला त्रास देत नाहीत. पण एकदा जोडी जमली की आपल्या कोपऱ्यात दुसऱ्या कुणाला फिरकू देत नाहीत."

छोटी पुढच्या काचेकडे वळली.

"हा गोबी मासा. याच्यासोबत ही कोळंबीही न्यायची. तिला धड दिसत नाही. ती बीळ खणते, हा दारात पहारा देतो. दोघं एकाच बिळात राहतात."

"आणि मला काय दिसेल?"

"नशीब असलं तर तोंड दिसेल," दुकानदार म्हणाला. तो पहिल्यांदाच थोडा हसला.

कोपऱ्यातल्या लहानशा टाकीत एक पिवळा मासा होता. ताटलीसारखा चपटा, डोळ्यावर काळी पट्टी, तोंड चिमट्यासारखं पुढं आलेलं. छोटी जवळ गेली तसा तोही काचेशी आला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"तो तुमच्या कामाचा नाही," दुकानदार मागून म्हणाला. "बटरफ्लाय मासा आहे. प्रवाळ मिळाले की दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. प्रवाळाचं एकेक इवलंसं जिवंत तोंड टोचून टोचून खाईल, खाली नुसता सांगाडा राहील. म्हणून कुणी नेत नाही त्याला. कधीपासून पडलाय एकटा."

"प्रवाळ मी देऊन टाकणार आहे," छोटी म्हणाली.

असं काही तिच्या मनात नव्हतं. शब्द तोंडातून निघाले आणि मग परत घ्यावेसे वाटले नाहीत.

"मग आधी द्या. नंतर या."

"आजच देणार आहे."

दुकानदारानं खांदे उडवले आणि जाळी उचलली.

सुरुवातीला मासा दगडामागं दडून बसला. मग एका संध्याकाळी छोटी खुर्चीत बसून चपला काढते आहे तोवर तो 'झुंबरा'पाशी दिसला. झुंबर हे दादानं एका प्रवाळाला दिलेलं नाव. अंगठ्याएवढा तुकडा आणून त्यानं तो वाढवला होता. आता लोंबत्या हिरव्या टोकांचा मोठा घोस झाला होता. माशानं मान तिरकी केली, एक टोक टोचलं, मागं सरला, पुन्हा टोचलं. सगळा घोस आक्रसून गेला.

जाळी कपाटावरच होती. छोटी ती आणायला उठली नाही. तशीच बसून राहिली आणि बघत राहिली. आपल्याला वाईट वाटायला हवं हे तिला कळत होतं. वाईट वाटतही होतं, पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते जवळजवळ समाधानासारखं होतं. या गोष्टीची तिला स्वतःचीच भीती वाटली.

दादाचा फोन सुटीच्या दिवशी यायचा. तो गच्चीवरच्या कुंड्यांचं सांगायचा, वहिनीच्या गुडघ्याचं सांगायचा. झुंबराचं कधी विचारतो याची छोटी वाट बघायची. त्यानं विचारलं असतं तर ती सांगणार होती. पण तो एवढंच म्हणाला, "मासे आणलेस का?"

"एक आणलाय. पिवळा."

"अरे वा," दादा म्हणाला, आणि फोन बाजूला धरून वहिनीशी काहीतरी बोलला.

उन्हाळा संपता संपता दोघं भेटायला आली. वहिनी अबोल, नीटस बाई; येताना छोटीसाठी लोकरीची शाल घेऊन आली. दादा थेट टाकीसमोर गेला. झुंबराच्या जागी पांढरा सांगाडा उरला होता. आणखी दोन प्रवाळ अर्धे उघडे पडले होते. मासा आरामात फिरत होता.

दादा बराच वेळ वाकून बघत राहिला. छोटी त्याच्या पाठीकडे बघत उभी होती. तिनं उत्तरं तयार ठेवली होती. त्यानं आवाज चढवला असता तर तिनंही चढवला असता, आणि मग जेवताना ताटाकडे बघत सांगितलेल्या त्या बातमीपर्यंत सगळं बोलून झालं असतं.

"हा प्रवाळ खातो. माहीत होतं तुला?"

"होतं."

"हं." तो सरळ झाला, कमरेवर हात ठेवला. "आवडलेला दिसतोय. तब्येत चांगली ठेवलीयस त्याची."

"दादा, झुंबर गेलं तुझं."

"गेलं खरं. मला आता कुठं त्याचं एवढं." तो सहज बोलत होता. "तू कशाला मनाला लावून घेतेस?"

वहिनीनं एकदा छोटीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही जरा बाहेर जाऊन या," ती नवऱ्याला म्हणाली. "गुडघ्याचं मलम संपलंय."

दादा गेला. वहिनी खुर्चीत बसून माशाकडे बघत राहिली. मग हलकेच म्हणाली, "मी त्यांना म्हटलं होतं, आपण तिकडंच राहू, तुमच्या बहिणीजवळ. त्यांनाच नको होतं. म्हणाले, तिला सवय व्हायला हवी."

"कशाची?"

वहिनी गुडघा चोळू लागली. छोटी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

पाहुणे परतले, आणि पुढच्या सुटीला छोटी दुकानदाराला घरी घेऊन आली. त्यानं टाकी पाहिली, काचेवरूनच सांगाड्यावर बोट ठेवलं.

"जे उरलेत ते वाचतील. पण दोन्ही नाही चालणार, ताई. मासा परत घेऊ की प्रवाळ नेऊ?"

दादाच्या हातचं जे काही शिल्लक होतं ते एवढंच होतं. छोटी काचेपाशी उभी राहिली. मासा तिच्याकडे आला.

"प्रवाळ न्या," ती म्हणाली. "नीट बघणाऱ्या कुणाला तरी द्या."

त्यानं एकेक तुकडा खाऱ्या पाण्याच्या बादल्यांत उतरवला. जाताना कालवांची एक पिशवी ठेवून गेला. प्रवाळ नसले की सुरुवातीला हा उपाशी राहील, शिंपला उघडून दगडात खोचून द्या, म्हणाला.

टाकी आता नुसती दगडांची झाली होती. मासा कितीतरी वेळ त्या रिकाम्या जागा हुंगत फिरला. छोटीनं बाही वर केली, शिंपला उघडला आणि हात पाण्यात घातला. तो लांबच राहिला. पाणी कोमट होतं. खांदा भरून आला तरी तिनं हात काढला नाही. अखेर तो आला, बोटांजवळ थांबला, आणि शिंपल्यातलं मांस ओढून लागला खायला.